बाँड संपल्यावर सरकारी नोकरीत थांबावं का? एका निवृत्त सिव्हिल सर्जनचं उत्तर

प्रश्न एका तरुण डॉक्टरचा आहे. एमबीबीएस झालं, प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष चालू आहे, तीन महिने उरलेत. पुढे कायम होण्याचा प्रयत्न करावा का, आणि सरकारी खात्यात 'मोठा डॉक्टर' झालेल्या माणसाचं आयुष्य प्रत्यक्षात असतं कसं, असं विचारलंय.

मी १९९० साली एमपीएससीतून वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो आणि जिल्हा शल्यचिकित्सक म्हणून निवृत्त झालो. उत्तर लांबणार आहे, ओपीडी आटोपल्यावर निवांत वाचा.

तुम्ही 'मोठा डॉक्टर' म्हणता तेव्हा डोळ्यांपुढे बहुतेक मोठं ऑपरेशन थिएटर आणि मागे ज्युनिअरांचा ताफा येत असेल. आमच्या खात्यात उलटं होतं. जसजसं वर जावं तसतसा पेशंट लांब जातो आणि फाईल जवळ येते. शेवटच्या दहा वर्षांत माझ्या हातात स्टेथोस्कोपपेक्षा पेन जास्त वेळ होतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पहिली कित्येक वर्षं मी कागद म्हणजे डॉक्टरकीच्या आड येणारी कटकट समजत राहिलो, आणि त्याची किंमत मोजली.

आधी खात्याची रचना समजून घ्या, कारण एमबीबीएसला ती कुणी शिकवत नाही. राज्यात सरकारी डॉक्टरची घरं तीन. उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. तिथे तुमच्या वर टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी), त्याच्या वर डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी), आणि सगळ्यांच्या डोक्यावर सीईओ (जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी). ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय हे दुसरं घर, थेट राज्य शासनाचं. त्याचा जिल्ह्यातला प्रमुख म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, अर्थात सिव्हिल सर्जन, लोकांच्या तोंडी 'सीएस साहेब'. या दोन्ही घरांवर उपसंचालक, राज्यभरात अशी आठ मंडळं. तिसरं घर वैद्यकीय शिक्षणाचं: जे.जे., ससून, घाटी. सरकारी डॉक्टर म्हटलं की लोक डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव घेतात, योग्यच आहे, पण ते त्या तिसऱ्या घरातले. तिथला माणूस शिकवत आणि शस्त्रक्रिया करत ज्येष्ठ होतो, आमच्याकडचा मीटिंगा करत. गेल्या काही वर्षांत अनेक जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयच नव्या मेडिकल कॉलेजकडे वर्ग झालं. तिथल्या सीएसकडे खुर्ची राहिली, खाटा गेल्या.

खाटांवरून आठवलं. पहिल्या पोस्टिंगचा चार्ज मी चहा पिता पिता घेतला. जाणाऱ्या डॉक्टरांना अकराची एसटी गाठायची होती. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, उघडं होतं: लोखंडी खाटा बारा, स्ट्रेचर दोन, वजनकाटा एक, असं करत चार पानं. मी न मोजता सही केली. चार वर्षांनी माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या मॅडम शहाण्या होत्या, त्यांनी रजिस्टर हातात घेऊन वॉर्डात फेरी मारली. खाटा दहाच निघाल्या. दोन खाटांची किंमत माझ्या पगारातून वसूल झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिथला जुना शिपाई एका लग्नात भेटला, तेव्हा कळलं की एक खाट उपकेंद्रात सिस्टरच्या खोलीत होती, माझ्याही आधीच्या कुणा साहेबाच्या तोंडी आदेशावर नेलेली. दुसरीचा पत्ता त्यालाही नव्हता. तोंडी आदेश ऑडिटला दिसत नाही. तुम्ही बाँडवर असलात तरी चार्ज मोजून घ्या आणि मोजून द्या, समोरच्याची एसटी चुकली तरी चालेल.

आता असं समजू नका की सगळं आयुष्य खाटा मोजण्यातच जातं. २००९ च्या जुलैमधली एक रात्र सांगतो. मी तेव्हा ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक होतो. अधीक्षकाने रात्रपाळी करायची नसते, पण मंजूर पदांपैकी भरलेली पदं मोजली की अधीक्षकही रात्रपाळीला येतो. भातलावणी करणाऱ्या बाईला घोणस चावलेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येतंय. काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. गोठलं नसेल तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे, हे तुम्ही शिकला आहातच. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं पातळ. सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, ती नळी साबणाने धुतलेली आहे." साबणाने धुतलेल्या काचेत चांगलं रक्तही गोठायचं राहू शकतं. एरवी मी पुन्हा वीस मिनिटं थांबलो असतो, पण हिरड्या नळीसाठी थांबल्या नव्हत्या. एकीकडे कोऱ्या नळीत पुन्हा रक्त घेतलं आणि दुसरीकडे कुप्या फोडायला सुरुवात केली. एएसव्हीची, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाची, पावडर पाणी घालून तळहातांत गोल फिरवत विरघळवावी लागते, घाईने हलवली की फेस होतो. मी, सिस्टर आणि ब्रदर, तिघं मिळून दहा कुप्या तळहातांत फिरवत उभे, अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये, वीज गेलेली, टॉर्च धरायला बाईचा दीर. दुसरी नळीही पातळच निघाली. सहा तासांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही पातळच होती, मग उरलेल्या आठ कुप्याही गेल्या. दुपारी बाराला नळी तिरकी केली आणि गोळा काचेला चिकटून राहिला.

या रात्रीचा अर्धा भाग सकाळी दहाचा आहे. स्टॉक रजिस्टरला एएसव्ही शून्य, आणि जुलै अजून अर्धा बाकी. जिल्हा भांडारात विचारलं तर पुरवठा नाही. त्या सकाळी मी मागणीपत्र, 'उपलब्ध नाही' असा लेखी दाखला, आणि रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदीचा प्रस्ताव, हे तीनही कागद दुपारच्या आत हलवले. तिसऱ्या दिवशी कुप्या आल्या, चौथ्या दिवशी मण्यार चावलेला मुलगा आला. त्या मुलाला वाचवलं कुणी, असं मला विचारलंत तर इंजेक्शन ड्युटीवरच्या डॉक्टरने दिलं आणि प्रस्ताव क्लार्कने टाइप केला. कागद ही डॉक्टरकीच आहे हे मला त्या आठवड्यात कळलं. एकोणीस वर्षं नोकरी झाल्यावर!

आरोग्य केंद्रात बसून 'खरं मेडिसिन' होत नाही ही तुमच्या पिढीची तक्रार असते, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण करून द्यावीशी वाटते. सत्तरच्या दशकात ते महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. कोकणात विंचू चावून पोरं दगावत होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून एकेकाची नाडी, रक्तदाब, फुप्फुसात पाणी भरण्याची वेळ टिपून ठेवली आणि त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला. तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाला बावस्कर व्हायचं नसतं, मीही झालो नाही. पण त्यांच्याकडे सुरुवातीला होतं काय? नोंदी.

नोंदीवरूनच माझी सगळ्यात मोठी नामुष्की. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका विवाहितेचं पीएम, म्हणजे शवविच्छेदन, केलं, विहिरीतून काढलेला देह. शवागार म्हणजे गावाबाहेरची पत्र्याची खोली, बाहेर दोन्हीकडचे नातेवाईक आणि मधे हवालदार. मी घाईत होतो. बाह्य जखमांच्या रकान्यात 'निरंक' एवढाच शब्द लिहिला. अकरा वर्षांनी, मी तिसऱ्या जिल्ह्यात असताना, समन्स आलं. रात्रभर एसटीने प्रवास करून कोर्टात उभा राहिलो. वकिलाने माझंच अक्षर माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, देह पालथा करून पाठ पाहिली होती का?" मला आठवेना. पाहिली असणार, मी नेहमी पाहतो; पण 'असणार' हे उत्तर शपथेवर देता येत नाही. "रेकॉर्डवर नाही," असं म्हणालो आणि खाली पाहिलं. खालच्या बाकावर मुलीचे वडील बसले होते. खटल्याचा निकाल काय लागला ते मी मुद्दाम विचारलं नाही.

तेव्हापासून मी पीएममध्ये नसलेल्या गोष्टी लिहायला शिकलो. 'पाठ पाहिली, जखम नाही. टाळू केस बाजूला करून पाहिली, जखम नाही. दोन्ही तळहात पाहिले, नखांत चिखल.' पान भरतं, वेळ जातो, जाऊ द्या. कायद्याची कलमं बदलली, अनैसर्गिक मृत्यूच्या चौकशीचं जुन्या सीआरपीसीचं कलम १७४ आता नव्या बीएनएसएस कायद्याचं १९४ झालं, नोव्हेंबर २०२१ पासून सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा मिळाली, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुमचं अक्षर आणि तुम्ही एवढेच असता. लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत तर अधिकच जपा. टू फिंगर टेस्ट, म्हणजे बोटं घालून केली जाणारी तपासणी, करू नका असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं आहे; तरी जुने छापील फॉर्म कपाटात असतात आणि कुणीतरी तेच काढून देतं. फॉर्म जुना आहे म्हणून तो भरू नका.

जुनी माणसं 'आमच्या काळी' म्हणून उसासे टाकतात, त्यांच्यावर फार विश्वास ठेवू नका. आमच्या काळी मार्च महिना कुटुंब नियोजनाच्या टार्गेटचा असायचा. डॉक्टर, ग्रामसेवक, तलाठी, शाळामास्तर, सगळे 'केस' शोधत हिंडायचे. एकाच बाईवर दोन खाती हक्क सांगताना मी पाहिलीत. १९९६ मध्ये केंद्राने वरून येणारी टार्गेटं काढून टाकली. एनआरएचएम, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, २००५ ला आलं आणि आशाताई आल्या, १०८ ची गाडी २०१४ पासून धावू लागली. त्याआधी अडलेली बाळंतीण तालुक्याला कशी पोचवायची हा प्रश्न रात्री दोनला जीपमालकाच्या दारात सुटायचा. आज जे आहे ते बरंच बरं आहे. वाईट झालं असेल तर एकच: तेव्हा रजिस्टरं पंधरा होती, आता पंधरा रजिस्टरं आणि शिवाय पोर्टलं.

किल्लारीला मी गेलो होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. प्रतिनियुक्तीवर गेलेल्या आम्हा डॉक्टरांना वाटत होतं की दिवसरात्र जखमा शिवायच्या. मला मिळालं पाणी. टँकर आला की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी ओटी टेस्ट करायची, पिवळा रंग दिसला तरच तोटी उघडू द्यायची. ज्याच्या घरातली चार माणसं गेलीत त्याला "पाच मिनिटं थांबा, पिवळं होऊ द्या" म्हणायला जीभ उचलत नाही. एका म्हाताऱ्याने माझ्या हातातली ओटीची नळी घेतली, उन्हात धरली आणि स्वतःच म्हणाला, "झालं पिवळं, सोडा." पुढचे तीन दिवस प्रत्येक टँकरला तो ओटी करत होता.

आता पगारपाणी आणि बढती, थोडक्यात. गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याची वेतनश्रेणी एस-२०, म्हणजे मूळ पगार ५६,१०० पासून, वर महागाई भत्ता आणि खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता. हा व्यवसायरोध भत्ता घेऊन संध्याकाळी बायकोच्या नावाने पाटी लावून बसणारे सगळ्यांना माहीत असतात, साहेबांनाही. तुम्ही बसू नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी ज्या दिवशी तुम्ही कुणाच्या मनाविरुद्ध सही कराल त्या दिवशी पहिला अर्ज त्या पाटीवर पडतो. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन नाही, हे हिशेबात धरा. बढतीवर आयुष्य टांगू नका. माझ्या बॅचचे निम्मेअधिक जण वैद्यकीय अधिकारी म्हणून लागले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. १०-२०-३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेतून पगार चढतो, खुर्ची तीच. पीजी करायचं मनात असेल तर सेवेत राहून करण्याचा मार्ग नीट समजून घ्या. राज्यांना सेवेतल्या डॉक्टरांसाठी वेगळा कोटा ठेवता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. माझ्या मते सरकारी नोकरीतला सगळ्यात मोठा आर्थिक लाभ तोच आहे, पगार नव्हे.

आणि सीएसची खुर्ची. बाहेरून लाल दिव्याची आठवण करून देणारी, आतून प्रमाणपत्रांची. दर बुधवारी दिव्यांग बोर्ड. कायद्याने सवलतींसाठी ४० टक्के लागतात. समोर बसलेल्या माणसाचा सांधा मोजून ३८ येतात. तो गरीब असतो, तुम्हाला दिसत असतं. त्याच्यासाठी आमदारांच्या पीएचा फोन आलेला असतो. त्याच्या मागे रांगेत धडधाकट पायाने लंगडत आलेला एक जण असतो, त्याला नोकरीत राखीव जागा हवी असते, त्याच्यासाठी तर दोन फोन. मी पहिल्याला सहा महिन्यांनी फेरतपासणीला बोलवायचो, दुसऱ्याला तिथल्या तिथे नाकारायचो, आणि दोघांच्याही केसपेपरवर कोनमापकाचे आकडे स्वतःच्या अक्षरात लिहायचो. पुढे तक्रार झाली, चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्याने आकडे पाहिले आणि परत गेला.

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली सोनोग्राफी मशीन सील करण्याचा अधिकारही सीएसकडे येतो. ज्याचं मशीन सील करायचं तो बहुतेक वेळा आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या कार्यक्रमात तुमच्या शेजारी बसणारा असतो. तिथे नातं सांभाळायचा एकच मार्ग मला सापडला: गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद असलेले एफ फॉर्म तपासायला आपण स्वतः जायचं, हाताखालच्याला पुढे करायचं नाही.

कोरोनाच्या लाटेतल्या एप्रिल २०२१ बद्दल लोक विचारतात, आणि मी शक्यतो टाळतो. हिशेब तेवढा सांगतो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन. पेशंट मिनिटाला दहा लिटरवर असेल तर तो साडेअकरा तास चालतो. हाय फ्लोवर, मिनिटाला साठ लिटर, तर दोन तासही नाही. एका हाय फ्लोच्या पेशंटमागे सहा जणांचा ऑक्सिजन जातो. रात्री दीडला टँकरचा ड्रायव्हर जेवायला थांबलेला, मॅनिफोल्ड रूममध्ये टेक्निशियन पान्याने सिलिंडर बदलतोय, आणि मी भिंतीवर खडूने तास लिहितोय. त्या रात्री टँकर पोचला. खडूचे आकडे पुढे कित्येक दिवस कुणी पुसले नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली होती. तेव्हापासून मी रात्री राउंडला गेलो की आधी इलेक्ट्रिक पॅनेलला हात लावून पाहायचो, गरम आहे का ते. निवृत्त झालो तरी कुठल्याही दवाखान्यात गेलो की हात तिकडे जातो.

डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीबद्दल विचाराल. २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. एफआयआर द्यायला मागेपुढे पाहू नका. पण माझ्या अनुभवात हात उगारला जातो तो मृत्यूमुळे कमी, 'डॉक्टर होते कुठे' यामुळे जास्त. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहणं हा नियम म्हणून जाचक वाटतो. ढाल म्हणून त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. आणि तालुक्याची आमसभा असेल तेव्हा रजा टाकू नका. सरपंच उभे राहून ओरडतात, ओरडू द्या, आकडे घेऊन जा. जो डॉक्टर आमसभेला हजर राहतो त्याच्याबद्दल वर्षभर मागे कुणी बोलत नाही.

घर? बदल्यांच्या कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत. मुलांच्या शाळा म्हणून बायको जिल्ह्याच्या गावी राहिली आणि मी शनिवारी येणारा पाहुणा झालो. मुलीच्या दहावीच्या निकालादिवशी मी गॅस्ट्रोच्या साथीत होतो. तिने राग धरला नाही, पण ती डॉक्टरही झाली नाही.

मग थांबावं का? तुमचं गाव, तुमचं कर्ज, तुमच्या घरचे मला माहीत नाहीत, म्हणून हो-नाही सांगत नाही. पण या तीन महिन्यांत तीन गोष्टी करून पाहा. एक, तुमच्या केंद्राचा आयएलआर, म्हणजे लशींचा फ्रीज, उघडा, आतलं तापमान दोन ते आठमध्ये आहे का ते आठवडाभर सकाळ-संध्याकाळ स्वतः लिहा आणि शेजारच्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहा. सगळीकडे चार, चार, चारच लिहिलेलं असेल तर काय समजायचं ते तुम्हाला कळेल. दोन, गेल्या वर्षभरात तुमच्या हद्दीत माता मृत्यू झाला असेल तर त्या घरी सिस्टर आणि आशाताईंना घेऊन जा, बसा, चहा दिला तर घ्या. तीन, औषधांचं मागणीपत्र एकदा स्वतः तयार करा आणि मंजूर होऊन औषध येईपर्यंत त्याच्या मागे लागा.

यातलं तिसरं करताना तुम्हाला चीड आली आणि तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा फोन लावलात, तर फॉर्म भरा. भरताना सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवा, पोच घ्या, आणि बाँड पूर्ण केल्याचा दाखला निघायच्या आधी डेड स्टॉकच्या खाटा मोजा.